देवमासा बघायचा तर बुफे सोडा

जूनमध्ये आम्ही दोघं नणंदेकडे, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला गेलो होतो. तेव्हा तिघांनी मिळून अलास्काची आठवड्याची क्रूझ केली. सिअ‍ॅटलहून निघून जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन, शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया आणि परत सिअ‍ॅटल. केबिन कशी होती, जेवायला काय काय होतं, रात्री शो कसले होते, हे इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय. मी गेले होते प्राणी बघायला. एवढ्या अवाढव्य जहाजावरून प्राणी दिसतात, अगदी नक्की दिसतात, पण ते बघायचे कसे हे तिकिटाबरोबर कुणी सांगत नाही. ते मला कसं जमत गेलं तेवढंच लिहिते.

आधी एक रुक्ष पण कामाची गोष्ट. परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाने अमेरिकेतल्या बंदरात प्रवासी घेतले, तर मध्ये एखादं परदेशी बंदर केल्याशिवाय त्यांना परत तिथेच आणून सोडता येत नाही, असा १८८६ सालचा कायदा आहे. व्हिक्टोरियाचा संध्याकाळचा थांबा त्यासाठीच असतो. तेवढ्या काही तासांसाठीही भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. बुकिंग करताना आम्हाला कुणी आपणहून बोललं नाही. नणंदेला ठाऊक होतं म्हणून निभावलं.

सिअ‍ॅटलहून सुटणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. त्यामुळे सुरुवात डुलण्यात गेली. ह्यांनी गोळी घेतली आणि पांघरूण ओढलं. नणंदेने मुद्दाम विकत घेतलेली दुर्बीण बारा पट मोठं दाखवणारी होती. हलत्या डेकवर ती डोळ्याला लावली की नुसतं थरथरणारं राखाडी पाणी, बाकी काही नाही. जहाजावर सात किंवा आठ पटींचीच दुर्बीण बरी. चित्र लहान दिसतं, पण स्थिर राहतं आणि नजरेच्या टप्प्यात पाणीही जास्त येतं.

नाश्त्याच्या वेळी स्पीकरवरून पहिली घोषणा झाली, दोन वाजता देवमासा! दोन वाजता म्हणजे घड्याळातले दोन नव्हेत. जहाजाचं नाक म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ, असा हिशेब. अख्खा बुफे हॉल ताटल्या घेऊन उजवीकडच्या काचांकडे पळाला. आम्हीही गेलो. काचेवर लोकांची प्रतिबिंबं, बाहेर समुद्र, आणि देवमासा गायब.

ह्यात जहाजाचा दोष नाही, गणितच तसं आहे. जहाज १८ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ३३ किलोमीटर वेगाने चाललेलं असतं. हंपबॅक देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा सहज पाच ते दहा मिनिटं वर येत नाही. पाच मिनिटांत आपण पावणेतीन किलोमीटर पुढे निघून गेलेलो असतो. कुणीतरी बघणार, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, कळवणार, मग घोषणा होणार, मग आपण काटा-चमचा खाली ठेवणार! घोषणेवर विसंबलं तर देवमाशाने नुकतीच सोडलेली जागा तेवढी बघायला मिळते. नणंद म्हणाली, “वहिनी, आपण आधीच बाहेर जाऊन उभं राहू या. चहा तिकडेच घेऊ.”

मग प्रश्न, उभं कुठे राहायचं? सगळी गर्दी सगळ्यात वरच्या डेकवर. तिथून लांबवर दिसतं खरं, पण पाण्यातलं बारीकसारीक काही कळत नाही. आम्हाला खालचा, जहाजाला वळसा घालणारा प्रॉमनेड डेक सापडला. तिथे कठडा रंगवणारा एक खलाशी निघाला गोव्याचा, साष्टीतला. माझं माहेर मालवणचं, त्यामुळे गप्पा सुरू व्हायला वेळ लागला नाही. आमची दुर्बिणीशी चाललेली झटापट त्याने थोडा वेळ बघितली आणि म्हणाला, “पयलीं दोळ्यांनी पळयात, मागीर दुर्बीण लायात.” म्हणजे आधी डोळ्यांनी बघा, मग दुर्बीण लावा.

त्याचं शिक्षण एवढंच, आणि माझ्या मते तेच खरं. दुर्बिणीतून समुद्राचा एक चतकोर दिसतो, डोळ्यांनी अख्खा. प्राणी शोधायचाच नाही. पाण्याची एक चाल असते, ती आधी डोळ्यांत बसू द्यायची आणि मग ती कुठे मोडते ते बघत राहायचं. लाटा नसताना एकाच जागी पांढरं काही फुटलं, सीगल एका ठिकाणी खाली-वर करायला लागले, एखादा ओंडका वाऱ्याच्या उलट दिशेला सरकला, की मग दुर्बीण उचलायची. आणि देवमाशासाठी पाण्याकडे बघूच नका, पलीकडच्या काळ्या-हिरव्या डोंगराकडे बघा, असं तो म्हणाला. देवमाशाचा उच्छ्वास म्हणजे तीनेक मीटर उंच पांढरा फवारा. पांढुरक्या आभाळावर तो विरून जातो, गर्द झाडीवर मात्र उठून दिसतो.

बेटांच्या मधल्या शांत पाण्यात शिरल्यावर हे पटलं. आभाळ भरलेलं होतं आणि सहप्रवासी ऊन नाही म्हणून हळहळत होते. प्राणी बघणाऱ्याला असंच हवामान लागतं: चकाकी नाही, वारा नाही, पाणी शिशासारखं सपाट. समोरच्या झाडीपुढे पांढरा फवारा उडाला. मी बोट दाखवेपर्यंत विरलाही. पण तिथेच नजर ठेवली, तर वीसेक सेकंदांनी दुसरा. मग तिसरा. हंपबॅक असे चार-पाच श्वास लागोपाठ घेतो, शेवटी पाठीची मोठी कमान करतो आणि शेपूट वर आली की समजायचं, आता खोल गेला. शेपूट दिसल्यावर वाट बघत बसायचं नाही, जहाजाच्या मागच्या टोकाला चालू लागायचं. पुन्हा वर येईल तेव्हा तो मागेच असणार. आम्ही दोघी त्या डेकवर इतक्या येरझाऱ्या घालत होतो की बाकीच्यांना वाटलं असेल, ह्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

जुनोला उतरून आम्ही ऑक बेहून सुटणाऱ्या छोट्या बोटीवर गेलो. हा खर्च मी वाचवू देणार नाही. मोठ्या जहाजावरून देवमासा शोधायला शिकता येतं, छोट्या बोटीवरून तो कळतो. अलास्कात हंपबॅकच्या १०० यार्डांच्या आत जायला बंदी आहे, त्यामुळे बोट इंजिन मंद करून लांब थांबली. पण देवमाशाला कुठे तो नियम? तो आपणच जवळून गेला. आधी ऐकू आला तो श्वास, बसचा एअर ब्रेक सुटावा तसा. पाठोपाठ वाऱ्यावरून त्या श्वासाचा मासळीचा वासही आला. बोटीतल्या सगळ्यांनी नाकं मुरडली, मी मात्र तो ओळखीच्या माणसासारखा छातीभर घेतला. मासळी बाजाराशेजारी वाढलेल्या माणसाला त्यात नवीन ते काय! मग शेपूट वर आली. खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येक हंपबॅकचे वेगळे असतात आणि त्यांच्या फोटोंवरून एकेक देवमासा ओळखतात. आमच्या गाईडने त्या शेपटीचा डावा कोपरा कुरतडलेला बघून ही कोण ते लगेच सांगितलं. हिवाळ्यात पिल्लं घालायला हवाईला जायचं, उन्हाळ्यात पोट भरायला इथे यायचं, असा तिचा दरवर्षीचा फेरा.

आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत हे मी सांगितलं, तर गाईडनेच माझ्या माहितीत भर घातली. जगातले बाकीचे हंपबॅक असे फेरे मारतात, अरबी समुद्रातले मात्र बारा महिने तिथेच राहतात. ओमानच्या बाजूला ते शंभराच्या आत उरले असावेत असा अंदाज आहे. मालवणला डॉल्फिन बघत मोठी झाले, पण आपल्या समुद्रातल्या देवमाशांची ही गोष्ट मला अलास्कात कळली.

स्कॅगवेबद्दल प्राण्यांच्या अंगाने सांगण्यासारखं काही नाही. तिथली डोंगरात जाणारी आगगाडी छान आहे.

ग्लेशियर बेच्या दिवशी मात्र पहाटे उठा. तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते. तोंडाशी नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन शिडीने जहाजावर चढतात आणि दिवसभर माईकवर बोलतात. हे बोलणं कामाचं असतं, कारण त्यांना कुठल्या वळणावर काय असतं ते ठाऊक आहे. १७५०च्या सुमारास ही अख्खी खाडी बर्फाखाली होती. आज तोंडापासून अगदी आतल्या टोकाच्या टार इनलेटपर्यंत जहाज शंभराहून जास्त किलोमीटर आत जातं. बर्फ मागे हटला, मागे उघडी जमीन राहिली, तिच्यावर झाडं आली, प्राणी आले. आत जाताना त्याच क्रमाने उलटं दिसत जातं: आधी दाट जंगल, मग खुरटी झुडपं, शेवटी नुसता खडक.

सुरुवातीलाच समुद्री पाणमांजरं दिसली, पाठीवर पडून, पाय वर करून तरंगणारी. लांबून ओंडकाच, फक्त ओंडक्याला दोन्ही टोकं वर नसतात. ह्यांच्या अंगावर चरबीचा थर नाही, थंडीपासून बचाव सगळा केसांवर. चौरस इंचाला दहा लाखांपर्यंत केस. त्या कातड्यापायीच रशियन आणि मग अमेरिकन व्यापाऱ्यांनी ह्या किनाऱ्यावरून त्यांचा निर्वंश केला. १९६५ ते १९६९ मध्ये सुमारे ४०० पाणमांजरं दुसरीकडून आणून आग्नेय अलास्कात सोडली. आता एकट्या ग्लेशियर बेमध्ये ती हजारोंनी आहेत.

साउथ मार्बल बेटावर सी लायन एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेले, आणि आसपासच्या पाण्यात केशरी चोचीचे पफिन. पफिन उडताना इतके पंख मारतो की बघणाऱ्यालाच दम लागतो. पुढे ग्लूमी नॉब नावाच्या कड्याशी रेंजर म्हणाली, पांढरे ठिपके शोधा आणि दोन मिनिटं त्यांच्यावरून नजर हलवू नका. जो ठिपका जागा सोडेल ती बकरी, जो सोडणार नाही तो बर्फ. आम्ही कठड्याला कोपरं टेकून दुर्बीण रोखली. एक ठिपका हलला, त्याच्यामागून दुसरा, निम्म्या आकाराचा. ज्या कड्यावर मला उभं राहायलाही जागा दिसत नव्हती तिथून ते पिल्लू आईमागे टणाटण उतरत होतं. ह्यांना ओढून आणलं. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, “इथून तर शेळीच दिसतेय.”

अस्वलासाठी ओहोटीची वेळ बघा. पाणी उतरलं की ती किनाऱ्यावर खायला येतात. आम्हाला दिसलेलं तपकिरी अस्वल एकेक दगड पंजाने उलटून खाली काय आहे ते चाटत होतं, पुढचा दगड, पुन्हा तेच. वर जहाजावर दोनेक हजार माणसं आपल्याकडे बघताहेत ह्याचं त्याला काडीचंही सोयरसुतक नव्हतं.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबतं. दीडेक किलोमीटर रुंद, पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच निळी-पांढरी भिंत. गडगडाट ऐकून वळाल तर बर्फ पडून गेलेला असतो. इथेही कानांवर विसंबायचं नाही, एक भेग निवडायची आणि तिच्याकडे बघत राहायचं. सगळे बर्फाकडे बघत असताना भिंतीच्या पायाशी किटीवेक पक्ष्यांचे थवे घिरट्या घालत होते. बर्फाखालून येणारं गोडं पाणी वर उसळताना तळातलं खाद्य घेऊन येतं, ते टिपायला.

परतताना रेंजरने २००१ मधली एक गोष्ट सांगितली. एका क्रूझ जहाजाच्या धडकेने तोंडाशी एक गाभण हंपबॅक मादी मेली. पार्कच्या नोंदीत ती बरीच वर्षं होती, तिचं नाव स्नो. तिचा सांगाडा आता पार्कमधल्याच बार्टलेट कोव्हला मांडून ठेवलाय. देवमासे जास्त असतात त्या पट्ट्यात जहाजांना वेग कमी करावा लागतो. आपण बसलोय तसलंच जहाज ह्याला कारण ठरतं, हे रेंजरने तोंडावर सांगितलं ते मला आवडलं.

त्या संध्याकाळी जेवणाला कोटटाय घालायचा कार्यक्रम होता. नणंदेने आणि मी जॅकेटवर जॅकेट चढवलं आणि डेक गाठला. खाडीतून बाहेर पडलं की आयसी स्ट्रेट ही सामुद्रधुनी लागते, आणि पॉइंट अ‍ॅडॉल्फसशी भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांमुळे मासळी गोळा होते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. कठड्यावर जेमतेम दहा माणसं. फवारे एका वेळी तीन-चार ठिकाणी उडत होते, कुठे बघू आणि कुठे नको. एकाने अख्खं अंग पाण्याबाहेर काढून आपटलं. धप्प आवाज येईपर्यंत पाणी पुन्हा मिटलंही होतं. खाली डायनिंग हॉलमध्ये तेव्हा घोषणा झाली नाही, कारण म्हणे जेवताना लोकांना त्रास होतो.

केचिकनला बाल्ड ईगल इतके की नंतर आम्ही मान वर करायचं सोडून दिलं. उंच झाडाच्या शेंड्याजवळ पांढरा ठिपका शोधायचा, तेच डोकं. पूर्ण तपकिरी दिसला तर ती दुसरी जात नव्हे, तरणा पक्षी. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात.

ओर्का, म्हणजे किलर व्हेल, मला दिसली नाही. जहाजावर मात्र रोज कुणाला ना कुणाला ‘ओर्काचं पिल्लू’ दिसत होतं. जहाजाच्या जवळून पाणी कापत, मागे तुषारांचा तुरा उडवत सुसाट जाणारा, काळा आणि कुशीवर पांढरा, दोनेक मीटरचा प्राणी. तो डॉल्स पॉर्पॉइज, डॉल्फिनसारखाच एक छोटा प्राणी. ओर्काचं पिल्लू आईला सोडून असं भटकत नाही, आणि मोठ्या नराचं नुसतं पाठीवरचं पातंच माणसाच्या उंचीचं असतं. व्हिक्टोरियाला उतरायच्या रांगेत पुढच्या गृहस्थांनी फोनवरचं त्यांचं पिल्लू सगळ्यांना दाखवलं. मी “अरे वा” म्हणाले. नणंदेने चष्मा लावला, व्हिडिओ दोनदा थांबवून बघितला आणि त्यांना पातं, कूस, तुषार असं सगळं समजावून सांगितलं. रांग पुढे सरकली तरी तिचं चालूच होतं.