वाचनालयात आवाज करायची परवानगी

‘वाचनालयात? तिथे तर शांतता राखा अशी पाटी आहे!’ प्रायोगिक संगीताचा, म्हणजे रोजच्या वस्तूंचे आवाजही संगीत म्हणून ऐकवणारा, कार्यक्रम सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या वाचनालयात करायचाय म्हटल्यावर जो तो हेच म्हणायचा. मला ती जागा हवी होती ती याच पाटीमुळे. तिथे आलेला माणूस आपोआप हळू बोलतो आणि बारीकसारीक आवाज त्याच्या कानावर येऊ लागतात.

निर्णय कार्यकारी मंडळाचा. अर्जात काय वाजणार, किती वेळ, कुठलं टेबल हलवावं लागेल, एवढंच लिहिलं. तरी बैठकीत अध्यक्षांनी विचारलंच, ‘पण यात संगीत कुठे आहे?’ सांगत बसण्यापेक्षा ऐकवलेलं बरं, म्हणून मी पिझोची चकती सोबत नेली होती. ही पातळ पितळी चकती हवेतला आवाज फारसा घेत नाही, जिला चिकटवाल त्या वस्तूचं कंपन घेते. खोलीतल्या लोखंडी कपाटाला ती चिकटवली, हेडफोन अध्यक्षांच्या कानाला लावला आणि कपाटाच्या दारावर नख ओढलं. ते दचकले. मग स्वतः उठून कुलपात किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली आणि हेडफोन खजिनदारांच्या हातात दिला. त्याच बैठकीत मंजुरी मिळाली.

स्पीकर छोटा असला तरी ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणे लेखी परवानगी लागते. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, सोबत वाचनालयाचं पत्र जोडलं. ते काम सरळ झालं.

असं काही करू पाहणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. पिझो थेट मिक्सरच्या माइक इनपुटला जोडू नका, खालचे सूर गळतात आणि नुसता चिरका आवाज उरतो. मध्ये 1 मेगाओमच्या आसपास इनपुट रोध असलेला प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधी क्षीण सिग्नल वाढवणारी छोटी पेटी, हवा. आणि आपल्याकडची वीज बघता सगळं बॅटरीवर चालेल असं ठेवा.

हार्मोनियमला गावातले भजनी बुवा होते. डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, गाजवलेला माणूस. त्यांना सांगितलं, चाल नाही, गजर नाही, एकच सूर आणि संथ भाता. म्हणाले, ‘सूर धरूचो आणि सोडूचो नाय, इतक्याच ना?’

संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी 1988 मध्ये अमेरिकेत जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत वादन केलं होतं. तिथे आवाज 45 सेकंद घुमत राहायचा. आमच्याकडे सगळं उलट. जांभ्याच्या भिंती, गिलावा नाही, चहूबाजूंनी पुस्तकं. सूर सोडला की संपला. त्यामुळे बुवांना तो सतत जागता ठेवावा लागला, आणि भात्याची धाप, पट्ट्यांची खटखट मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली. त्यात ग्रंथपाल ताई काउंटरवर एकेका पुस्तकात तारखेचा शिक्का मारत होत्या. लाकडाखाली चिकटवलेल्या चकतीतून तो ठोका ढोलाएवढा भरदार यायचा. शाईच्या डबीवर शिक्का दाबला जातानाची मऊ चिकट उचल मला स्वतःला सगळ्यात आवडली.

काही जण मध्येच उठून गेले. त्यांना मी नंतर गाठून विचारलं. बहुतेकांना सुरुवात कधी झाली तेच कळलं नव्हतं. पुढच्या वेळी आधी थोडं बोलून घेणार आहे.

एका आजींनी विचारलं, घरच्या जात्याला ही चकती लावता येईल का. येईल, खालच्या न फिरणाऱ्या तळीला. खडबडीत दगडाला चिकटपट्टी धरत नाही, मेण लागेल. ते आणून ठेवलंय.