डूमच्या मुखवट्याआड कोण?

जेवताना भाचा एकदम म्हणाला, "मामा, टोनी स्टार्क मेला तेव्हा मी खरंच रडलो होतो. आता तोच चेहरा खलनायक होऊन येणार असेल, तर ते रडणं वाया गेलं का?"

मला उत्तर सुचले नाही.

जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात, मार्व्हलच्या चित्रपटांत टोनी स्टार्क म्हणजेच आयर्न मॅन साकारणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांनी खलनायक डॉक्टर डूमचा मुखवटा उतरवला, तेव्हा सभागृहात जल्लोष झाला. तो आनंद मलाही झाला होता. परंतु १८ डिसेंबर २०२६ ही 'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे'च्या प्रदर्शनाची तारीख ठरल्यापासून उत्सुकतेत काळजी मिसळली आहे. २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये, या चित्रपटाचेही दिग्दर्शक असलेल्या रुसो बंधूंनीच स्टार्कच्या ज्या निरोपाला इतकी प्रतिष्ठा दिली, तो त्यांच्याच हातून हलका होऊ नये, असे मनापासून वाटते.

दुसरी काळजी मला अधिक मोठी वाटते. डूम १९६२ पासून कॉमिक्समध्ये आहे. लॅटव्हेरिया या काल्पनिक देशाचा हा सत्ताधीश विज्ञान आणि जादू दोन्ही जाणणारा, प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्सच्या द्वेषाने पेटलेला, स्वतःच्या अहंकारावर उभा असलेला माणूस आहे. त्याला केवळ स्टार्कची सावली केले, तर तो मोठा अन्याय ठरेल. तुम्हाला त्या मुखवट्याआड ओळखीचा चेहरा हवा आहे की खरा डूम?