भैरू उताराला मागे राहिला (मिरीचं मात्र विचारू नका)

पुण्याच्या वेताळ टेकडीवर मी माझ्या कुत्र्यांना, भैरूला आणि मिरीला, घेऊन पळते. याला कॅनिक्रॉस म्हणतात: माझ्या कमरेला बेल्ट, कुत्र्याच्या अंगावर ओढायचा हार्नेस म्हणजे पट्ट्यांचा साज, आणि मधे दोघांना जोडणारी लाइन. तिथे वेताळाच्या देवळाकडून खाणीच्या अंगाला जो मुरमाड उतार आहे ना, तो अख्खा भैरू माझ्या मागून आला. ओढ नाही, हिसका नाही, लाइन सैल लोंबतेय. खाली पोचून वळून बघितलं तर साहेब जांभई देत होते. पावसाळ्याआधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना यात केवढं काय आहे ते कळेल. बाकीच्यांसाठी एवढंच, की या उतारानं आजवर माझ्या ट्रॅकपँटचे गुडघे आणि डाव्या अंगठ्याचं नख खाल्लंय.

चढाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. बेल्ट कमरेच्या हाडावर बसलेला असावा, मांड्यांचे पट्टे घट्ट असावेत, पुढे सव्वीस किलोंचा कारवान (भैरूची जात, म्हणजेच मुधोळ हाउंड) जीव लावून ओढत असावा; चढाची निम्मी शिक्षा तिथेच माफ होते. सगळी गोची उताराची. उताराला पावलं छोटी हवीत आणि वजन बरोबर पायांवर हवं. पुढून ओढ आली की पाऊल लांब पडतं, टाच आधी टेकते, आणि टाचेखाली मुरूम असला की शेंगदाण्यांच्या ढिगावर पाय दिल्यासारखी ती निघून जाते. ओढीला उत्तर म्हणून मागे रेलावं तर आणखी लवकर बूड टेकतं. शिवाय बंजी, म्हणजे रबरासारखी ताणणारी लाइन. चढावर जी बंजी कंबर वाचवते तीच इथे दगा देते: आधी गुपचूप ताणत जाते, आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, आणि साठवलेली ओढ ती नेमकी आपण एका पायावर असताना परत करते.

त्यात कारवान म्हणजे नजरेनं शिकार हेरणारी जात. माळरानावरच्या सशासाठी घडवलेलं जनावर ते, त्याला धारेवरून खालचं सगळं दिसतं. वेताळ टेकडीवर मोरांना तोटा नाही. गिरीपुष्पाच्या झाडीत एक पिसारा हलला की भैरू एका बुंध्याच्या डावीकडून, मी उजवीकडून, आणि मधे लाइन.

उन्हाळाभर ‘मागं’ शिकवत होते. घरात यायचा, जिन्यावर यायचा, पाषाणच्या सपाट रस्त्यावर तर असा यायचा की बघणाऱ्यानं कौतुक करावं. माथ्यावर पोचून पुढचा उतार दिसला की शब्द हवेत. ओढ आली की थांबायचं, ही सगळे सांगतात ती युक्ती मुरमावर लागू पडत नाही, कारण तिथे थांबता येत नाही हाच तर मूळ आजार आहे. नाकावरून जाणारा पट्टा पळताना नकोच. चालण्यापुरता ठीक आहे, पण वेगात झटका बसला तर मान मुरगळते. ट्रेकिंगची काठी पायांपुढे आडवी धरून पाहिली. भैरूला तो नवा खेळ वाटला आणि त्यानं काठीचं रबरी टोक पळवलं.

मग ओढायच्या हार्नेसची शेपटाकडची लूप उसवली. हार्नेस शिवायला गेला आणि तेवढ्यापुरता मी जुना फिरायचा काढला, ज्याला पाठीवर एक कडी आहे आणि छातीवर एक. चढाला पाठीची कडी वापरली. माथ्यावर पाणी पाजायला लाइन सोडली, परत लावताना हाताला छातीची कडी लागली, तीच लावली. उतरायला सुरुवात केली तशी स्वारी नेहमीप्रमाणे पुढे सुटली, लाइन ताणली आणि तो गर्रकन फिरून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. परत सुटला, परत फिरला. तिसऱ्यांदा त्यानं विचार केलेला मला डोळ्यांनी दिसला. माझ्या मागे आला आणि निमूट चालायला लागला.

यातलं यंत्र सोपं आहे. लाइन पाठीला असली की ओढ छातीच्या पट्ट्यावर येते आणि कुत्रं त्यात आणखी जोर लावतं. ओढायचा हार्नेस चालतोच या खोडीवर. लाइन छातीला असली की पुढे जाण्याचा जोर त्यालाच वळवतो. तो मागे असला तर मात्र लाइन छातीपासून सरळ माझ्याकडे येते, पायांत अडकत नाही. म्हणजे जगात सुखाची जागा एकच उरते, माझ्या पाठीमागे.

पण मला कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे. आता लाइन ताणण्यापर्यंत वेळच येत नाही. हूक छातीच्या कडीत ‘खट’ वाजला की भैरू आपण होऊन वळसा घालून मागे येतो. उन्हाळाभर मी तोंडानं जे सांगत होते ते त्याला सामानातून कळायला हवं होतं. ओढायचा हार्नेस अंगावर, लाइन शेपटाला, आणि वर मी म्हणणार ओढू नको! त्याच्या जागी मी असते तरी ऐकलं नसतं.

सध्या क्रम असा ठेवलाय. माथ्यावर पूर्ण थांबायचं, धाप बसू द्यायची, पाणी. जीभ फावड्यासारखी रुंद होऊन टोकाला वळली असेल तर आणखी थांबायचं; ऑक्टोबरच्या उकाड्यात घाई नको, धापेशिवाय त्यांच्याकडे अंग निववायचा दुसरा मोठा मार्ग नाही. मग कडी बदलायची, थोडं चालायचं, आणि तो मागे स्थिर झाला की छोट्या पावलांचा जॉग. सपाटी आली की थांबून कडी परत पाठीवर आणि ‘चल!’. ही शेवटची पायरी गाळू नका. पुन्हा ओढायला मिळणं हेच त्याचं बक्षीस, खाऊची गरज पडत नाही. आणि छातीच्या कडीवर वेगात पळवू नका, खांदे अडतात. हे उतारापुरतं आणि सावकाश.

नवा हार्नेस आता त्याच मापानं शिवून घेतलाय, छातीच्या कडीसकट. आमच्या पेठेत बॅगा दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना परदेशी हार्नेसचा फोटो दाखवला तर म्हणाले, “घोड्याचं सामान दिसतंय.” काही का असेना, नायलॉन पट्टीच्या प्रत्येक जोडाला त्यांनी चौकोनात फुली घालून दुहेरी शिवण मारली आणि छातीखाली आतून मऊ नमदा लावला. काखेत घासल्याची एक खूण नाही. कड्या आणि हूक बोहरी आळीतून उचलले. तिथे चकचकीत ओतीव हूक ढिगानं मिळतात, ते घेऊ नका: चिखल गेला की स्प्रिंग अडकते आणि जोराच्या झटक्याला ते तुटतात. पितळी किंवा स्टीलचे मागा, दुकानदार कुरकुरत आतून काढून देतो. कुत्र्यांचे बूट मात्र ऑनलाइन मागवले होते. त्यातले दोन अजून टेकडीवर कुठेतरी आहेत.

आता मिरी. गावठी, सोळा किलो, चढाला भैरूपेक्षा शहाणी. विजयाच्या धुंदीत मी तिलाही छातीची कडी लावली. ‘खट’ झालं आणि मिरीनं बसकण मारली. उठेना. ओढलं तर आडवी. कान मागे, शेपूट पोटाखाली. दोन मिनिटांनी माझ्या डोक्यात उजेड पडला: दवाखान्यात नेताना तिची लाइन कायम छातीच्या कडीला असते. भैरूसाठी त्या आवाजाचा अर्थ ‘मागे ये’, मिरीसाठी ‘सुई’. तत्त्व तेच, फक्त आमच्यावर उलटलेलं. शेवटी तिची लाइन पाठीलाच ठेवून भैरू मागे, मिरी पुढे आणि मधे मी, अशी वरात खाली आली. सोळा किलोंची ओढ झेपते, पण एक लाइन हातात आणि एक बेल्टला असली की तोल सावरायला हात उरत नाही.

म्हणून बेल्टला मागेही एक कडी हवी. आधी वाटलं होतं, बेल्टच फिरवून घेऊ. मांड्यांच्या पट्ट्यांमुळे तो फिरत नाही. मग कमरेभोवती दोरीवर सरकणारी कडी असा बेत होता, गेल्या आठवड्यात त्याचं चित्रसुद्धा काढून ठेवलं. हे लिहिताना वाटतंय की सरकणारं काहीच नको. मागच्या कडीला साध्या पट्टीची मीटरभर लाइन कायमची जोडून टाकावी, बंजी नको. माथ्यावर पुढची दोन मीटरची बंजी सोडून कमरेला गुंडाळायची आणि मागची छोटी लाइन कुत्र्याला लावायची. दोन्ही हात मोकळे.

आणि त्या छोट्या लाइनला एक घुंगरू! पोळ्याच्या सामानातलं घरात पडलंय. मिरीला दवाखान्यात घुंगरू कधी ऐकू आलेलं नाही, म्हणजे तिच्यासाठी कोरी पाटी. छातीच्या कडीऐवजी तिला घुंगराची लाइन पाठीलाच लावायची, आणि आवाज म्हणजे मागे, हे जिन्यावरून सुरू करायचं. वर फुकटचा फायदा, मागे कुत्रं आहे की नाही हे वळून न बघता कळेल. घुंगरू एका लयीत वाजतंय तोवर सगळं ठीक, थांबलं की समजावं स्वारी कशाचा तरी वास घेतेय. पायवाटेवरच्या आजी-आजोबांनाही आधी चाहूल लागेल. आजच करून बघते.

मागे राहण्याचा एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. कुसळं. गवत पिवळं पडलंय आणि टेकडीवर कुसळीचा हंगाम ऐन भरात आहे. त्या बीचं टोक सुईसारखं, त्यावर उलटे केस, आणि मागचं शेपूट दवानं भिजलं, उन्हानं सुकलं की पीळ घेतं. बी स्क्रूसारखं आत शिरतं, मागे फिरत नाही. बाजूनं पळणारं कुत्रं गवतातून जातं. माझ्या पाठीमागचं कुत्रं मळलेल्या वाटेवर राहतं, आणि भैरूच्या बेचक्यांत आता नावाला एखादं कुसळ सापडतं. मिरीची झुपकेदार शेपटी मात्र रोज अर्धा तास घेते. बोटांच्या बेचक्या, काखा, हार्नेसखालची जागा, कान, या क्रमानं चिमटा घेऊन बसा. कुत्रं सारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत असेल तर घरी उकरत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

या सगळ्या शास्त्रावर एक आजोबा रोज सकाळी पाणी ओततात. बाकावर बसतात, खिशात ग्लुकोज बिस्किटं. भैरू लांबूनच त्यांना ओळखतो आणि माझं ‘मागं’, कडी, खटका सगळं विसरतो. “आजोबा, नका ना देऊ, पळताना पोटात काही नको.” “अगं, एवढ्याशानं काय होतंय त्याला? बघ कसा बघतोय!” मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी याच वंशाची जोडी पंचम जॉर्जला नजर केली होती. त्या वंशाचा हा दिवटा अर्ध्या बिस्किटासाठी पोटावर सरपटतो. त्या बाकाच्या अलीकडच्या वाटेनं उतरायचं, हाच एक तोडगा आहे.

सिंहगडाचं सांगायचं राहिलं. बेत होता आतकरवाडीतून भैरूबरोबर फक्त चढायचं, सुमारे ६०० मीटर, आणि परत येताना नवऱ्यानं घाटरस्त्यानं आणलेल्या गाडीत बसायचं. आता उतरणंही शक्य दिसतंय. पण आतकरवाडीच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी माणसांची रांग असते, तिथे मागे कुत्रं घेऊन उतरणं म्हणजे सगळ्यांचाच खोळंबा. त्यामुळे कामाचा वार धरायचा आणि उतरायचं कल्याण दरवाज्याकडून, कल्याण गावात. गाडी तिथे लावायची. गडावरची कुत्री हा वेगळा विषय आहे, त्यासाठी वर पोचल्यावर भैरू आखूड लाइनवर. मिरी या खेपेला घरी. घुंगरू जमलं तर पुढच्या वेळी.

काकांचं दुकान सोमवारी बंद असतं, मंगळवारी बेल्ट घेऊन जाते. तुमच्यापैकी कुणाला मागच्या कडीचा शिवून घ्यायचा असेल तर माप बेंबीच्या चार बोटं खालून, हाडावरून घ्या आणि मागची कडी माकडहाडाच्या वर, कमरेच्या सपाट भागावर येईल असं सांगा. पँटचं माप दिलंत तर बेल्ट वर सरकेल आणि सगळी ओढ मणक्यावर येईल.