ओटीवरचा ई-रीडर, माजघरातला सिनेमा

ई-रीडर, म्हणजे किंडलसारखं नुसतं पुस्तकं वाचायचं यंत्र, त्याला टॅब्लेटच्या पंगतीला बसवतात, ते मला मुळीच पटत नाही. दुपारी भाचीचा फोन आला होता. "मामा, वाचायला टॅब घेऊ की किंडल? टॅबवर सिनेमेही बघता येतील." म्हटलं, म्हणूनच टॅब नको. तेवढ्यात रेंज गेली, बोलणं अर्धवट राहिलं. डोक्यात मात्र तोच विषय आहे.

टॅब स्वतःचा उजेड डोळ्यांत मारतो. ई-रीडरचा ई-इंकचा पडदा कागदासारखा, बाहेरच्या उजेडावर चालतो. त्याच्या पोटात केसाच्या जाडीच्या बारीक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत काळे नि पांढरे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. पान बदललं की कुठे काळे वर येतात, कुठे पांढरे. एकदा वर आले की तिथेच थांबतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. एका चार्जवर आठवडेच्या आठवडे निघतात ते यामुळे. पान बदलताना पडदा मधूनच काळा होतो, ते नव्या माणसाला खटकतं. आधीच्या पानाची पुसट सावली राहू नये म्हणून ते करावं लागतं. आठवडाभरात सवय होते.

मे महिन्यात ओटीवर झोपाळ्यावर बसलं की समोरच्या आगरातून येणाऱ्या उन्हात टॅबवर आपलाच चेहरा दिसतो. ई-रीडरवर तेच ऊन पडलं की अक्षर आणखी ठळक होतं. आता आषाढात भर दुपारी काळोखी येते, तेव्हा आतला दिवा लावायचा. किंडलमध्ये हे दिवे २०१२च्या पेपरव्हाइट मॉडेलपासून आले. ते पडद्याच्या कडेला असतात आणि उजेड वरून अक्षरांवर सोडतात, त्यामुळे रात्रीही डोळे चुरचुरत नाहीत.

आणि लाईट गेली की? आमच्या दापोली तालुक्यात हा प्रश्न पहिला विचारायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पोफळी-माड आडवे झाले, खांब पडले, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. फोन चार्ज करायला लोक गाडीतला सॉकेट शोधत होते. अशा वेळी न कुरकुरता चालणारं यंत्र मला ई-रीडरखेरीज दुसरं माहीत नाही.

मराठी वाचकाने मात्र दोन गोष्टी बघून घ्याव्यात. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर मिळायला लागली ती २०१६च्या अखेरीस, त्यामुळे नवं बरंच मिळतं, जुनं शोधावं लागतं. जुनं मिळतं ते बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, आणि सहा इंची पडद्यावर पीडीएफ वाचणं म्हणजे शिक्षा आहे. अक्षर मोठं करता येत नाही, पान सरकवत बसावं लागतं. ज्याला जुनी पुस्तकंच वाचायची आहेत त्याने दहा इंची घ्यावा, पैसे जास्त गेले तरी. दुसरं म्हणजे, दोन्ही कडा सारख्या करणारी मांडणी बंद करायची. आपले शब्द लांबलचक, ओळीच्या शेवटी ते तुटत नाहीत, मग शब्दांमध्ये भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी सोडली की पान शांत दिसतं. साने गुरुजींचं लेखन असंच वाचतोय सध्या. ते १९५० साली गेले, त्यामुळे कॉपीराइटच्या साठ वर्षांच्या नियमाने २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणालाही मोकळी आहेत. त्यांचं जन्मगाव पालगड इथून जवळच, आमच्याच तालुक्यात. त्यातल्या वाटा नि वाड्या वाचताना ओळखीच्या वाटतात.

पुस्तकाच्या वासाबद्दल लोक बोलतात, मलाही तो वास हवा असतो. पण २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या १८६४ सालच्या वाचन मंदिरात शिरलं, हेही विसरता येत नाही. आणि यंत्रातलं पुस्तक आपलंच राहील असंही नाही. २००९ साली अ‍ॅमेझॉनने विकलेली ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती. म्हणून जी फाईल कुलूप न लावता मिळते ती मी आधी घेतो आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवतो. पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याची लेन्स, जादा केबल, सगळं सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात. खाऱ्या हवेत पिनांना हिरवट गंज चढतो आणि लेन्सच्या काचेवर बुरशीची जाळी धरते. डब्यापेक्षा स्वस्त विमा नाही.

सिनेमाचं गणित उलटं. तिथे पडद्याने स्वतः उजेड द्यायला हवा आणि खोलीने अंधार. 'किल्ला' परवा पुन्हा बघितला. अविनाश अरुण यांनी तो दिग्दर्शितही केला आणि चित्रितही, २०१४ साली बर्लिनला मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस दिलं. त्यातला कोकणातला पाऊस, भिजलेल्या जांभ्याचा काळपट लाल रंग, ढगाखालचा करडा उजेड फोनवर दिसतच नाही. नेट कमी पडलं की गडद भागात चौकोनी ठोकळे उठतात आणि आभाळाचे पट्टे होतात. म्हणून फाईल रात्री उतरवून घ्यायची, माजघरातले दिवे मालवायचे, नि मोठ्या टीव्हीवर बघायचं. टीव्हीतली चित्र गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करायची. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. या एका बटणाने मी शेजारच्या तीन घरांतले टीव्ही सुधारले आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

उरला आवाज. मागच्या पडवीच्या पत्र्यावर सर कोसळली की पात्रं ओठ हलवताना दिसतात, ऐकू काही येत नाही. आई म्हणते, "आवाज वाढव रे", पण वाढवून भागत नाही. वायरचा हेडफोन लावावा, ब्लूटूथवर काही वेळा आवाज ओठांच्या मागे राहतो. दोघांनी मिळून बघायचं असेल तर मराठी सिनेमालाही सबटायटल लावायची. इंग्रजी असतात, आईला वाचता येत नाहीत, मग महत्त्वाचं वाक्य मी तिला मोठ्याने सांगतो. मराठी सिनेमाला मराठी सबटायटल हवीतच. ऐकायला कमी येणाऱ्या माणसांसाठी तर आधी हवीत, आणि ती देणं निर्मात्यांना अजिबात जड नाही, संवाद तर लिहून तयारच असतात.