खोडरबरानं पुसलेले आकडे

बारावीच्या प्रॅक्टिकलला मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम शिकवताना मी नाणी वापरते. रुपयाचं नाणं म्हणजे वाटाण्याचा रंग: छापा पिवळा, काटा हिरवा. दोन रुपयांचं म्हणजे आकार: छापा गोल, काटा सुरकुतलेला. जोडीतल्या दोघांनी आपापली दोन्ही नाणी उडवायची. दोघांपैकी एकाचा जरी छापा पडला, तरी दाण्यात प्रभावी गुण, म्हणजे छाप्याचा, दिसणार. असे सोळा दाणे.

त्या दिवशी बारा जोड्या होत्या. जर्नल तपासताना एका मुलीच्या पानावर दाण्यांच्या चार प्रकारांसमोर 9, 3, 3, 1 दिसले. थेट पुस्तकातलं गुणोत्तर. कागद मात्र तिथे खरवडलेला. उजेडात धरला, तर खाली पेन्सिलीचे 6, 5, 4, 1.

"हे का पुसलंस गं?"

"मॅडम, चुकलं होतं."

मला ते फार लागलं. नाणी तिनं नीट उडवली होती, मोजलंही बरोबर होतं. मग चुकलं काय? नेमकं गुणोत्तर तर मेंडेल यांनाही मिळालं नव्हतं. त्यांच्या वाटाण्यावरच्या प्रयोगातले 556 दाणे मी फळ्यावर लिहिले: पिवळे गोल 315, पिवळे सुरकुतलेले 101, हिरवे गोल 108, हिरवे सुरकुतलेले 32.

शेजारी आमची बेरीज मांडली, तिचे खरे आकडे धरून. 192 दाणे: 110, 38, 34, 10. भागाकार मी तिलाच करायला लावले. पिवळ्या 148 मध्ये सुरकुतलेले 38. हिरव्या 44 मध्ये 10. दोन्हीकडे साधारण पाव हिस्सा.

"म्हणजे रंग कुठलाही असो, सुरकुत्या तेवढ्याच?" तिनं विचारलं.

हेच तर मला त्यांच्या तोंडून हवं होतं. हे दोन गुण ठरवणारी जनुकं वाटाण्यात वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. युग्मक, म्हणजे प्रजननपेशी, तयार होताना गुणसूत्रांची प्रत्येक जोडी आपापली विभागते. रंगाच्या जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठे गेलं, याच्याशी आकाराच्या जोडीला काही देणंघेणं नसतं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आणि दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर, अगदी शेजारी असली तर?"

मी सांगण्याआधीच या मुलीनं आणि तिच्या जोडीदारणीनं सेलोटेप काढला. रुपया आणि दोन रुपये, दोन्ही छापे वर ठेवून शेजारी शेजारी चिकटवले आणि पुन्हा उडवायला घेतले. मधले दोन प्रकार, पिवळे सुरकुतलेले आणि हिरवे गोल, एकदाही येईनात. बेल होऊन गेली होती. ती मान खाली घालून, या वेळी पेनानं, आकडे लिहीत होती.