तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर चालूच होत नाही

"ताई, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. मदरबोर्ड गेला असेल का?"

जिन्यात गाठून विचारतात, गोखले रोडवर भाजी घेताना विचारतात, एकदा तर हळदीकुंकवाला वाण हातात देता देता विचारलं. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सोळा वर्षं काढली, हे नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. गंमत अशी, की दुसरं वाक्य पहिल्याला चिकटूनच येतं. काय बिघडलंय ते कळायच्या आत निदान तयार, आणि तेही महागडं: मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटीच गेली म्हणून.

म्हणून मी उलट विचारते, चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं? बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? दिवा लागतो का? पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि स्क्रीन तेवढी काळी, हे दुखणं वेगळं. तिथे रॅम, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी, काढून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवला आणि परत नीट बसवली की बऱ्याचदा काम होतं. या खोडरबराला आपल्याकडे जवळजवळ अंगाऱ्याचा मान आहे, दुरुस्तीवाला आला की आधी तोच निघतो. पण जे मशीन हूं की चूं करत नाही, त्याची रॅम कितीही घासा. तिथे आधी बघायचं ते वीज आत पोचते का, आणि ते बघायला सुरुवात भिंतीपासून करायची.

भिंत आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये किती गोष्टी असतात ते टेबलाखाली वाकून मोजा एकदा. सॉकेट, एक्स्टेन्शन, यूपीएस (लाईट गेली की थोडा वेळ बॅटरीवर मशीन चालवणारा डबा), त्याची वायर. यूपीएस हा माझा पहिला संशयित. घरगुती ६०० व्हीएच्या त्या डब्यात बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते आणि ती साधारण दोन-तीन वर्षांत थकते. कोणी बदलत नाही, कारण ती आत आहे हेच कोणाच्या लक्षात नसतं. बॅटरी पार झोपली की काही यूपीएस घरात वीज असूनही सुरू होत नाहीत. तेव्हा यूपीएस बाजूला ठेवा, कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि मग बटण दाबा. कॅबिनेटच्या मागे, वायर घुसते त्याच्या शेजारी एक काळा स्विच असतो, तोही बघा. टेबल सरकवताना तो कधी खाली दाबला गेला, ते घरात कोणालाच आठवत नसतं.

"पण टेस्टर पेटतोय की!" हे उत्तर मला ठरलेलं मिळतं. टेस्टर फक्त फेज दाखवतो, म्हणजे वीज आणणारी वायर. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, सुटलेली असली तरी तो आपला मिणमिणत राहतो आणि त्या सॉकेटवर काहीच चालत नाही. मी सरळ टेबल लॅम्प नेऊन लावते. लॅम्प लागला, तर पुढे बोलू.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. लाईट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि त्यानंतर कॉम्प्युटर ठार बंद. अशा वेळी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा तो मागचा डबा, कधी कधी स्वतःच्या बचावासाठी बंद पडून बसतो. प्लग काढा, कॅबिनेटचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग परत लावा. हे करायला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

यानंतरही शांतताच असेल, तर कॅबिनेटची बाजू उघडते. मशीन बंद असलं तरी एसएमपीएसच्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट कायम असतात. पुष्कळशा मदरबोर्डवर एक बारीक दिवा असतो, तो त्यावरच जळतो. दिवा दिसला तर एसएमपीएस निदान अर्धा जागा आहे. मग कॅबिनेटच्या बटणाच्या दोन वायरी मदरबोर्डवर ज्या दोन पिनांवर बसतात, त्या काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या पिना क्षणभर एकमेकींना टेकवायच्या. मशीन उठलं तर दोष बटणात.

दिवाही नसेल, तर एसएमपीएस एकटा तपासायचा. प्लग काढून त्याचे सगळे कनेक्टर मदरबोर्डवरून सोडवायचे, एखादी जुनी हार्डडिस्क तेवढी जोडून ठेवायची. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची काळी कागदाच्या क्लिपने जोडायची, आणि मगच प्लग लावायचा. पंखा फिरला तर डबा जिवंत आहे. धडधाकट आहे का, ते मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, सांगतो, पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लालवर ४.७५ ते ५.२५ मिळायला हवेत. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप खुपसू नका. आणि तो डबा स्वतः उघडायचा नाही. आपली २३० व्होल्टची वीज लाटेच्या टोकाला ३२५ व्होल्टपर्यंत जाते, आणि आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, प्लग काढल्यावरही तो भार धरून बसलेला असू शकतो.

लॅपटॉपचं विचाराल, तर चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबा, परत चार्जर लावून बघा. त्यापुढे मी हात लावत नाही.

हे सगळं सांगताना मी मोठी शहाणी वाटत असेन, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट सांगते. जुलै महिना, भिंतींना ओल. काकांचा फोन आला, "पंखा फिरतो आणि लगेच बंद पडतं." मी स्वयंपाक करता करताच सांगून टाकलं, "एसएमपीएस गेला काका, पावसाळ्यात जातातच." काकांनी बिचाऱ्यांनी नवा आणला, भाच्याकडून बसवून घेतला. पुन्हा तेच. मग मात्र मला वर जावं लागलं.

काकांनी बटण दाबलं, मी घड्याळाकडे बघत होते. पंखा फिरला, एक, दोन, तीन, चार, बंद. दरवेळी चारच्या आसपास. शॉर्ट असता तर सेकंदभरही टिकलं नसतं. चार सेकंद म्हटल्यावर डोक्यात काहीतरी हललं. हँग झालेलं मशीन आपण कसं बंद करतो? बटण चार सेकंद दाबून धरून.

"काका, परत दाबा. हळू."

बटण दाबताना एक टक् येतो आणि सोडताना दुसरा. काकांनी बोट उचललं, पण दुसरा टक् आलाच नाही. कॅबिनेट देव्हाऱ्याला लागून ठेवलेलं, वर्षानुवर्षांची उदबत्तीची काजळी आणि त्यावर पावसाची ओल. बटण आत चिकटून राहत होतं. मदरबोर्डला वाटत होतं, काका बटण दाबून धरून बसलेत, म्हणजे त्यांना मशीन बंद करायचंय.

"म्हणजे जुना एसएमपीएस चांगला होता?" काकांनी विचारलं.

"हो काका."

काकू आतून म्हणाल्या, "चहा घेऊन जा गं," त्यावर नाही म्हणायची मला सोय नव्हती.

बटण साफ करून दोन दिवस चाललं, परत चिकटलं. शेवटी मी रिसेट बटणाच्या दोन वायरी काढून पॉवरच्या पिनांवर लावल्या. दोन्ही बटणं आतून सारखीच, साधी दाबायची. रिसेटचं बटण इतकं बारीक, की काकांचं बोट त्यावर बसत नाही. ते बॉलपेनच्या टोकाने दाबतात. पेन दोऱ्याने कॅबिनेटला बांधलेलं आहे, आणि त्यावर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: याने पत्ते लिहू नयेत.