काळी एकच्या जरा खाली

भाचीचा मेसेज आला, "मामा, मूनलाइटचं कुठलं रेकॉर्डिंग ऐकू? मिस म्हणाल्या, वाजवायला घेण्याआधी दोन-तीन तरी नीट ऐकून ये. तू एकच सांग, चांगलं." मी लिहिलं, "रात्री सांगतो." त्या गोष्टीला आता तीन आठवडे झालेत.

दोष माझा आहे, थोडा फोनचाही आहे. बीथोवनच्या या पियानो-रचनेचं नाव, 'मूनलाइट सोनाटा', टाकलं की यादी खाली सरकवता सरकवता अंगठा दुखतो. त्यात झोप येण्यासाठीची, पावसाच्या आवाजासकटची, बाळांसाठीची अशी बरीच असतात. ती गाळली तरी नावाजलेल्या वादकांची इतकी उरतात की त्यापेक्षा भाचीसाठी स्थळ शोधणं सोपं. माझ्या वेळी हा घोळ नव्हता. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान होतं (२०१६ साली तेही बंद झालं). तिथे ऐकून बघायची सोय होती, पण खिशात पैसे एकाच कॅसेटचे, आणि बीथोवनच्या कप्प्यात त्या दिवशी मूनलाइटची कॅसेटही एकच. पिवळ्या पट्टीची, विल्हेल्म केम्फ या जर्मन पियानोवादकाची. निवड झाली. पुढची दहा वर्षं माझ्या लेखी मूनलाइट म्हणजे केम्फ, आणि केम्फ म्हणजे आमचा टेपरेकॉर्डर. त्याचा पट्टा सैल झाला की सगळं जरा खाली उतरायचं. मग पेन्सिलीनं कॅसेट घट्ट करणं, डोक्यावर हळूच थाप मारणं वगैरे उपचार.

हे उपचार आठवायचं कारण असं, की जुन्या घडणीच्या पियानोवरचं मूनलाइट मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपसूक मशीनवर थाप मारायला हात उचलला गेला. ही सोनाटा सी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी एक. पण समोर वाजत होतं ते काळी एक आणि पांढरी एक यांच्या मध्येच कुठेतरी. पट्टा सैल नव्हता, तेव्हा सीडी आली होती. आज जगभर सहसा मधल्या सप्तकातल्या 'ए' या स्वराची कंपनं सेकंदाला ४४० धरतात. बीथोवनच्या काळचं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवणारे बहुधा ४३० धरतात. दोन शेजारी पट्ट्यांमधलं अंतर असतं ना, त्याच्या निम्म्याला जरा कमी इतका हा उतार. इतक्या फरकानं काय होतं? पेटीवाल्याला विचारा. मला तरी दहा मिनिटं बेचैन व्हायला तो पुरला.

तो वादक होता रोनाल्ड ब्राउटिगम. डच आहे. बीथोवनच्या बत्तीसही सोनाटा त्यानं अशा पियानोंवर वाजवल्यात. या जुन्या पियानोला फोर्टेपियानो म्हणतात, आणि पहिल्या ऐकण्यात तो कुणालाच आवडत नसावा. मला तो लाकडी खोक्यात कोंडलेला वाटला. आवाज सुरू होतो छान, टोकदार, आणि मग धरून ठेवायला जावं तर हातातून निसटतो. १८०० सालच्या सुमाराचा व्हिएन्नाचा पियानो म्हणजे पाच-साडेपाच सप्तकं, आतला सांगाडा सगळा लाकडाचा, हातोड्यांवर चामडं, आणि वजन इतकं की चारजण मिळून जिन्यानं वर नेतील. आजच्या मैफिलीच्या ग्रँडला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आत ओतीव लोखंडाची चौकट, तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास, वजन पाचशे किलोच्या घरात. दोघांनाही पियानो म्हणायचं म्हणजे होडीला आणि गलबताला एकाच नावानं हाक मारण्यासारखं.

मी ती सीडी बाजूला ठेवून दिली. पुन्हा काढली ती एका वाक्यामुळे.

मूनलाइटच्या पहिल्या पानावर, अगदी माथ्यावर, बीथोवननं इटालियनमध्ये सूचना छापून घेतलीय: हा सबंध भाग (तिनांतला पहिला) अत्यंत नाजूकपणे आणि 'सेंत्सा सोर्दीनो' वाजवावा. सोर्दीनो म्हणजे इथे डॅम्पर, पट्टी सोडली की तारेवर येऊन बसणारी आणि तिचं तोंड मिटणारी गादी. सेंत्सा म्हणजे त्याविना. थोडक्यात, गाद्या वर उचलून धरा आणि भाग संपेपर्यंत खाली सोडू नका. त्या वेळच्या व्हिएन्नाच्या पियानोंना सहसा पायात पेडल नसे, पट्ट्यांच्या खालच्या बाजूला गुडघ्यानं वर रेटायची फळी असे. ती रेटून बसायचं, पाच-सहा मिनिटं. (संगीत नाटकाच्या पायपेटीवाल्यांचे पाय दुखायचे, इथे गुडघा.)

आजच्या पियानोवर ही सूचना शब्दशः पाळून बघा. भाचीनं तिच्या डिजिटल पियानोवर पाळून बघितली आणि मला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, पिठलं झालंय." बरोबर आहे. लोखंडी चौकटीतली ती लांबलचक तार एकदा बोलली की बराच वेळ गप्प बसत नाही. दुसरा स्वरसमूह आला तरी पहिला हजर, तिसरा आला तरी दोघेही हजर. आणि डिजिटल पियानो त्या मोठ्या ग्रँडचीच नक्कल करतो. म्हणून आजचे बहुतेक वादक दर बदलाला पेडल सोडतात आणि पुन्हा दाबतात, स्वच्छ, धुऊन पुसून. केम्फही तेच करायचा. माझी दहा वर्षं त्या स्वच्छतेत गेली.

मी ब्राउटिगमची सीडी पुन्हा लावली. आता कान त्या गाद्यांकडे होता. डाव्या हाताचा खर्ज पडतो, त्यावर उजव्या हाताचे तीन-तीन स्वर चालू राहतात, आणि प्रत्येक स्वर उमटल्या उमटल्या विरळ व्हायला लागतो. पुढचा स्वरसमूह येतो तेव्हा आधीचा पुरता गेलेला नसतो, पण उरलेलाही नसतो. पाटी ओल्या फडक्यानं पुसल्यावर आधीचं गणित जसं पुसट दिसत राहतं, तसा. त्याच्यावरच नवं लिहिलं जातं. पिठलं होत नाही, कारण स्वर मरतो वेळेवर. जे मला वाद्याचं दुबळेपण वाटलं होतं, त्याच्याच भरवशावर हा माणूस ती सूचना देऊन बसला होता.

तेव्हापासून मी या पहिल्या भागापुरता तरी पक्षांतर केलेला माणूस आहे. पण पक्षांतर करणाऱ्याची पंचाईत अशी, की दुसऱ्याच आठवड्यात आंद्राश शिफ भेटला. तो आजच्याच मोठ्या पियानोवर वाजवतो, आणि तरी ती सूचना मानतो. पेडल पूर्ण दाबत नाही, थोडंसंच दाबून धरतो, आणि लय वाढवतो. सुरुवातीला जे ताल-चिन्ह आहे ते चारच्या नव्हे तर दोनच्या हिशोबाचं आहे, त्यामुळे हे इतकं रेंगाळायचंच नाही, असं त्याचं म्हणणं. ऐकताना चांदणं वगैरे काही आठवत नाही. आठवायचं कारणही नाही. चांदण्याचं नाव ठेवलं ते लुडविग रेल्श्टाब नावाच्या समीक्षकानं, बीथोवन गेल्यानंतर, स्वित्झर्लंडमधल्या तळ्याची उपमा देऊन. बीथोवननं नुसतं 'कल्पनाविलासासारखी सोनाटा' असं लिहिलं होतं. कोजागरी आपण सगळ्यांनी मिळून तिच्यावर लादली.

तर पहिल्या भागाला शिफ की ब्राउटिगम, यात एक रविवार गेला. मधला भाग छोटा आहे, तो कुणीही वाजवला तरी मला चालतो. तिसऱ्यावर मात्र माझं मत ठाम आहे, आणि ते मी कुणालाही ऐकवतो. हा भाग म्हणजे खालून वर धावत सुटलेले स्वर आणि टोकाला पोचले की दोन धक्के. आजच्या ग्रँडवर हे ऐकताना वाटतं, एसयूव्ही एक्सप्रेसवेवर निघालीय. वेग आहे, दिमाख आहे, आणि अजून बरंच काही बॉनेटखाली शिल्लक आहे. फोर्टेपियानोवर तोच भाग म्हणजे आंबा घाट चढणारा लाल डबा. प्रत्येक पत्रा बोलतोय, दांडा धरून उभे असलेले सगळे एका बाजूला कललेत, आणि चढेल की नाही ते ड्रायव्हरलाही ठाऊक नाही. त्या दोन धक्क्यांना लाकूड खडखडतं, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. आंतोन राइखा या बीथोवनच्या मित्रानं सांगून ठेवलंय, की एकदा बीथोवन मोझार्टचा कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) वाजवत होता आणि पानं उलटायला हा बसला होता. पण पानं राहिली बाजूला, तुटलेल्या तारा उपटणं आणि त्यात अडकलेल्या हातोड्या सोडवणं यातच त्याची दमछाक झाली. ज्या संगीताला वाद्य पुरं पडत नव्हतं ते संगीत पुरून उरणाऱ्या वाद्यावर ऐकलं, की त्यातली धास्ती जाते. आणि धास्ती गेली की तिसऱ्या भागात उरतं काय? बोटांची कसरत.

आता यात पोटजाती आहेतच. ब्राउटिगमचे पियानो जुने नाहीत, जुन्यांच्या हुबेहूब नकला आहेत. पॉल मॅकनल्टी नावाचा कारागीर चेक प्रजासत्ताकात बसून त्या बनवतो. उलट पाउल बादुरा-स्कोडानं बत्तीस सोनाटा वाजवल्या त्या स्वतःच्या संग्रहातल्या खऱ्याखुऱ्या जुन्या पियानोंवर. त्यात मधूनच एखादा सूर किरकिरतो, एखादी पट्टी बसते. माझे एक स्नेही म्हणतात, खरं तेच. मला नाही पटत. आजीची पैठणी आपण कपाटातून काढतो तेव्हा ती घड्यांवर विरलेली असते, जर काळवंडलेली असते. म्हणून काय आजी ती विरलेलीच नेसली होती? तिनं नेसली तेव्हा कोरी करकरीत होती, चालताना सळसळत होती. बीथोवनच्या हाताखालचा पियानोही तेव्हा नवाच होता. त्याचे हाल त्यानंच केले, ती गोष्ट वेगळी.

सीडीच्या पुस्तिकांमध्ये 'संगीतकारानं ऐकलं तसं' असं काहीबाही लिहिलेलं असतं, त्याचा मात्र मला राग येतो. मूनलाइट १८०१ सालची. त्याच वर्षी जूनमध्ये बीथोवननं वेगेलर या डॉक्टर मित्राला पत्र लिहिलंय, की नाटकाला गेलो तर अगदी वाद्यवृंदाला खेटून बसावं लागतं आणि जरा लांब गेलं की वरचे सूर ऐकूच येत नाहीत. पुढे लंडनच्या ब्रॉडवुडनं त्याला सहा सप्तकांचा पियानो भेट पाठवला, तो आज बुडापेस्टच्या संग्रहालयात आहे. व्हिएन्नाच्या ग्राफनं दिलेल्या पियानोत एकेका स्वराला चार-चार तारा होत्या, तो बॉनला त्याच्या जन्मघरी आहे. पण तो घरी आला तेव्हा धन्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आता यातलं काय ऐकलं की 'त्यानं ऐकलं तसं' होईल?

भाचीनं फक्त मूनलाइट विचारलं होतं, पण तीन आठवड्यांत माणूस भरकटतोच. मोझार्टमध्ये मला क्रिस्टियान बेझाउडेनहाउट जुन्या घडणीवर फार आवडतो, खोडकर आहे. पण संथ भाग आला की मी गुपचूप मित्सुको उचिदाकडे आणि तिच्या मोठ्या पियानोकडे जातो. शुबर्टच्या शेवटच्या, बी फ्लॅटमधल्या सोनाटात तर माझा निकालच लागत नाही. सप्टेंबर १८२८ मध्ये त्यानं ती पुरी केली आणि नोव्हेंबरात गेला, एकतिसाव्या वर्षी. सुरुवातीला एक शांत चाल येते, आणि ती थांबते तिथे अगदी खाली, खर्जात, एक कंप उठतो. हळू. मोठ्या पियानोवर तो लांबच्या ढगासारखा गडगडतो. शिफनं तो १८२०च्या सुमाराच्या ब्रोडमान पियानोवर वाजवलाय. त्यात हातोडी आणि तार यांच्या मध्ये कापडाची पट्टी सरकवायची सोय असते, त्यानं आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. तिथला कंप ढगाचा नाही. तो खोलीतलाच आहे, बहुतेक पलंगाखालचा. रात्री एकट्यानं असलो तर मी ढगवालं लावतो.

एवढं सगळं टाइप करून भाचीला पाठवणार, तेवढ्यात एका लग्नासाठी आम्ही सगळेच गोव्याला गेलो. मडगावजवळ ओळखीच्यांचं जुनं घर आहे, तिथे उतरलो. हॉलमध्ये भिंतीला लावलेला पियानो, वर फोटो आणि क्रोशाचं विणकाम. खाऱ्या हवेनं तारांवर गंज, दोन पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत. भाची बसली, उगाच इकडेतिकडे बोटं फिरवली, आणि मग मूनलाइट काढलं. सूर लागलेला नव्हताच. काळी एक दाबली की भलतंच काहीतरी जरा खालचं बोलत होतं. मला टेपरेकॉर्डर आठवला. पाच-सहा ओळी झाल्यावर तिनं थांबून माझ्याकडे बघितलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी पेडल दाबलं ते दाबलंच. खर्ज पडला, वरचे तीन-तीन स्वर चालू लागले, आणि एकेक करून विरत गेले. पिठलं झालं नाही.

आतून आंटी हात पुसत आल्या. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं होतं. "याचा आवाज टिकत नाही गं आता," त्या म्हणाल्या, "नाताळच्या आधी मुंबईहून माणूस बोलावलाय दुरुस्तीला."

भाचीनं पेडलवरचा पाय काढला नाही.